‘कोणत्या शब्दावरून?’ : कविता वाचायला शिकताना

प्रश्न : मी मराठी साहित्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कथा-कादंबरी वाचते, त्यावर बोलूही शकते. कवितेपाशी मात्र अडते. वर्गात सर अर्थ सांगतात तेव्हा पटतं, पण घरी नवी कविता समोर आली की काहीच सुचत नाही. मग मार्गदर्शकातला भावार्थ पाठ करते, दोन अलंकार ओळखते आणि रसग्रहण म्हणून तेच लिहिते. खरं सांगायचं तर एकदा अर्थ कळला की ती कविता पुन्हा वाचावीशीही वाटत नाही. कवितेची समज जन्मजात असावी लागते का? नसेल तर ती कशी आणायची?

उत्तर :

तुझ्या प्रश्नातलं शेवटून तिसरं वाक्य मी दोनदा वाचलं. अर्थ हातात आला की कविता संपते, असं तू म्हणतेस. दुखणं तिथेच आहे, आणि ते जन्मजात वगैरे अजिबात नाही. शाळेपासून आपल्याला एकच प्रश्न विचारला जातो, ‘कवीला काय म्हणायचं आहे?’ जणू कवीला साधं काहीतरी सांगायचं होतं, त्यानं ते मुद्दाम गुंडाळून ठेवलं आणि आपण गाठ सोडून ते बाहेर काढायचं. गाठ सुटली की फडकं टाकून द्यायचं. कवितेत ते फडकंच तर विणलेलं असतं.

मीही अशीच शिकले. पदवीच्या वर्गात असताना एका कवितेवर मी बरंच लांब टिपण लिहून नेलं होतं. त्यात ‘जीवनाची नश्वरता’, ‘मानवी मनाची व्याकुळता’ असं सगळं होतं. आमच्या बाईंनी ते शांतपणे वाचलं, पेन्सिलीनं ‘व्याकुळता’ या शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं, ‘कोणत्या शब्दावरून?’ मी कविता उलटसुलट चाळली. एकही शब्द दाखवता येईना. व्याकुळता मार्गदर्शकात होती, कवितेत नव्हती. तीसेक वर्षं झाली, मी अजूनही कविता वाचताना स्वतःला तोच प्रश्न विचारते. कवितेविषयी मनात येईल ते बोलायची मुभा आहे, फक्त बोलल्यावर कवितेतल्या एखाद्या जागेवर बोट ठेवता आलं पाहिजे. शब्दावर, वाक्याच्या वळणावर, यमकावर, ओळ जिथे तुटते त्या जागेवर, कुठेही.

नुसत्या उपदेशानं काही साधत नाही, म्हणून एक कविता घेऊ. बालकवींची ‘औदुंबर’ तू शाळेत वाचली असशील. आठच ओळी आहेत :

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

पुढे जाण्याआधी ही मोठ्यानं वाच. मनातल्या मनात नको. ओठ हलले पाहिजेत आणि कानावर पडलं पाहिजे. आजूबाजूला कोणी असेल तर गच्चीवर जा. मोठ्यानं वाचण्याची लाज वाटते म्हणून कवितेत मागे राहिलेले कितीतरी हुशार विद्यार्थी मी पाहिले आहेत. तीनदा वाच. पहिल्यांदा शब्द अडखळतील, दुसऱ्यांदा ठेका सापडेल, तिसऱ्यांदा ठेक्याच्या आतून आवाज मोकळा होईल.

आता बोटांनी टेबलावर ताल धर. ‘ऐल तटावर’, ‘पैल तटावर’, आणि मग ‘हिरवाळी घेउन’. मात्रा मोजायच्या म्हटलं की विद्यार्थ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, पण हिशेब सोपा आहे. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर तेही दोन मात्रांचं धरायचं. ‘गर्दी’तल्या ‘ग’वर आघात येतो, ‘मळ्यांची’तल्या ‘म’वर येत नाही, हे पुस्तकापेक्षा कानाला लवकर कळतं. मोजून पाहा : ‘ऐल तटावर’ आठ, ‘पैल तटावर’ आठ, आणि मग उरलेला तुकडा. ‘चार घरांचे’ आठ, ‘गाव चिमुकले’ आठ, ‘पैल टेकडीकडे’ अकरा. जिथे ओळ ‘घेउन’ किंवा ‘लाटांवर’ अशा अक्षरांवर संपते तिथे शेवटचं अक्षर आपण आपोआप थोडं लांबवतो, त्यामुळे तिथेही अकराचा भरणा होतो. ‘घेऊन’चं ‘घेउन’ का झालं तेही आता तुला कळलं असेल.

हे गणित करायचं कशासाठी? परीक्षेत वृत्ताचं नाव लिहायला नाही. ठेका कळल्याशिवाय तो कुठे मोडतो ते कळत नाही, आणि कवितेतल्या फार मजेशीर गोष्टी मोडण्याच्या जागी घडतात. आठ मात्रांनंतर आपला आवाज सहज थांबतो, हे धरून आठही ओळींत ती जागा शोध. ‘निळासावळा / झरा वाहतो’, ‘शेतमळ्यांची / दाट लागली’, ‘झाकळुनी जळ / गोड काळिमा’, ‘पाय टाकुनी / जळात बसला’. सगळीकडे शब्द पुरा होतो आणि मग विसावा येतो. पाचवी ओळ घे. ‘पायवाट पां / ढरी तयांतुनि’. आठवी मात्रा ‘पांढरी’ या शब्दाच्या पोटात येते, आवाजाला तिथे थांबताच येत नाही. सहाव्या ओळीतही ‘कुरणां / मधुनि’ असा शब्दाच्या आतच सांधा येतो. म्हणजे आठ ओळींतल्या ज्या दोन ओळी पायवाटेच्या आहेत, नेमक्या त्याच दोन ओळींत विसाव्याची जागा सरकते. आणि ती पायवाट कशी आहे? अडवीतिडवी.

बालकवींनी हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. ठरवून केलं की हातातून झालं, हे कळायला मार्ग नाही आणि वाचकाला त्याची गरजही नाही. कानाला मात्र ते जाणवतं. ती ओळ वाचताना पाय किंचित वाकडा पडतो. आता सांग, हे भावार्थात कसं लिहिणार? ‘गावाजवळून एक नागमोडी वाट जाते’ असं लिहिलंस तर अर्थ बरोबर आहे, पण वाकडा पडलेला पाय त्यात नाही. अर्थ कळल्यावरही कविता पुन्हा का वाचायची, याचं माझ्याकडचं सगळ्यात सोपं उत्तर हे आहे.

याच कवितेत अजून थोडं थांबू. पेन्सिल घे आणि फक्त रंग अधोरेखित कर. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. शब्द आठ ओळींतून जमवले, पण एका ओळीत लिहिल्यावर त्यांना दिशा आली. हिरवा मागे पडत जातो, काळा पुढे येतो. आणि काळा येतो तो ‘गोड’ होऊन येतो. ‘गोड काळिमा’ हे दोन शब्द एकमेकांशेजारी सहसा बसत नाहीत. काळिमा लागतो, फासला जातो, तो कलंकाचा शब्द आहे. इथे तो गोड आहे. कवितेत असे दोन अनोळखी शब्द शेजारी बसलेले दिसले की तिथे खूण कर, बहुधा कवितेचं मर्म त्या आसपास असतं. आणखी मागे जाऊन पाहिलंस तर दुसऱ्या ओळीतल्या ‘निळासावळा’त सावळेपणा आधीच मिसळलेला सापडेल. शेवटी जे पसरतं त्याचा एक थेंब सुरुवातीलाच पडलेला आहे.

मग क्रियापदं बघ. झरा वाहतो. पायवाट, जी खरं तर जागची हलत नाही, ती ‘चालली’ आहे. काळिमा पसरतो. आणि या सगळ्या हालचालीनंतर शेवटच्या ओळीत एकच जण ‘बसला’ आहे. तोही पाण्यात पाय सोडून, एखाद्या माणसासारखा. गाव आहे, चार घरं आहेत, शेतमळे आहेत, पण माणूस एकही नाही. ‘गर्दी’ हा माणसांचा शब्दसुद्धा शेतांना दिला आहे. माणसासारखं वागणारा एकटा औदुंबर. हे माझ्या लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली, कारण कवितेत काय आहे ते शोधायची सवय होती, काय नाही ते बघायची नव्हती.

‘असला’ या शब्दापाशी विद्यार्थी हमखास घसरतात. आज ‘असला कसला’ म्हणताना त्यात तुच्छता येते. इथे तो ‘असा’, ‘या प्रकारचा’ एवढ्याच अर्थानं आला आहे, आणि ‘बसला असला’ असा नाद घेऊन आला आहे. जुन्या कवितेत ओळखीचा वाटणारा शब्द जास्त फसवतो. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतोच, ओळखीच्या शब्दासाठी उघडत नाही. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती 1831) किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश ग्रंथालयात असेल, त्यात एका कवितेतले निदान तीन ‘सोपे’ शब्द बघायची सवय लाव. ‘औदुंबर’ हाही असाच. उंबर म्हटलं की झाड दिसतं, औदुंबर म्हटलं की त्याच झाडाला दत्ताचं सान्निध्य चिकटून येतं. ध्यानस्थ बसल्याचा जो भास शेवटी होतो, त्यातला काही भाग या नावाच्या निवडीतून येतो. ‘उंबर’ म्हटलं असतं तर मात्रा तर जुळल्या नसत्याच, पण बैठकही मोडली असती.

आता सावधगिरीची एक गोष्ट. बालकवी 1890 साली जन्मले आणि 1918 मध्ये, वयाच्या 27व्या वर्षी, भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात गेले. हे एकदा कळलं की काही विद्यार्थ्यांना काळ्या डोहात मृत्यूची चाहूल दिसायला लागते. कवितेत डोह काळा आहे, हे खरं. वाट तिकडेच चालली आहे, हेही खरं. तेवढ्या आधारावर मृत्यूविषयी काही म्हणता येईलही. पण ‘कवीला आपल्या अंताची चाहूल लागली होती’ हे वाक्य कवितेतल्या शब्दांवर उभं नाही, ते अपघाताच्या बातमीवर उभं आहे. चरित्र वाचू नकोस असं मी म्हणणार नाही, ते दुसऱ्या फेरीत वाच. आधी कविता स्वतःच्या कानांनी ऐक, मग कवी कोण, केव्हाचा, त्याच्या आजूबाजूला काय चाललं होतं ते शोध, आणि मग परत कवितेकडे ये. आधी चरित्र वाचलंस तर कविता त्याचा पुरावा होऊन बसते.

नावाचं वजन किती पडतं याचा एक जुना प्रयोग आहे. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता दिल्या आणि त्यांच्याकडून प्रतिक्रिया लिहून घेतल्या. 1929 साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. चांगली वाचलेली मुलंसुद्धा साधा वाच्यार्थ चुकवत होती, ठरीव भावना कवितेवर लादत होती, मोठ्या कवींना नाकारत होती आणि सुमारांना डोक्यावर घेत होती. तू आणि तुझ्या दोन मैत्रिणी हा खेळ सहज करू शकता. एकीनं कविता लिहून आणायची, नाव झाकायचं, बाकीच्यांनी दहा मिनिटं लिहायचं. पहिल्या दोन-चार वेळा फजिती होईल. होऊ दे.

‘औदुंबर’ तशी मवाळ कविता आहे. वाक्यरचना सरळ, चित्र स्वच्छ. खरी पंचाईत होते ती वाक्यच उलटंपालटं असतं तेव्हा. मर्ढेकरांची ओळ घे : ‘पिपात मेले ओल्या उंदिर’. पहिल्या वाचनात ‘ओल्या उंदिर’ असं कानावर पडतं आणि डोकं चक्रावतं. इथे घाबरायचं नाही, व्याकरणाला शरण जायचं. उंदीर ओले असते तर शब्द ‘ओले’ झाला असता. ‘ओल्या’ हे सामान्यरूप आहे, त्याला पुढे विभक्ती घेतलेलं नाम हवं. ओळीत तसं एकच नाम आहे, ‘पिपात’. म्हणजे अन्वय, शब्दांचा सरळ क्रम, लागला : ओल्या पिपात उंदीर मेले. जुन्या पंडित कवींच्या पंतकाव्याला अन्वय लावतात तसाच नव्या कवितेलाही लावावा लागतो, हे वर्गात फारसं सांगितलं जात नाही. ‘दुर्बोध’ म्हणून बाजूला ठेवलेल्या कितीतरी ओळी कर्ता, कर्म, क्रियापद हुडकल्यावर शहाण्यासारख्या बोलायला लागतात. मर्ढेकरांवरही तो शिक्का बसला होताच.

पण अन्वय लागल्यावर तिथेच थांबलीस तर पुन्हा फडकं फेकल्यासारखं होईल. पुढचा प्रश्न असा, की सरळ वाक्य उपलब्ध असताना ओळ अशी का मोडली? विशेषण आपल्या नामापासून लांब, मेलेल्या उंदराच्या शेजारी जाऊन पडलं आहे. त्यामुळे व्याकरणानं पीप ओलं असलं तरी कानाला उंदीरही ओले लागतात. ओल एका वस्तूपुरती राहत नाही. आणि आता ठेका धर : ‘पिपात मेले / ओल्या उंदिर’, ‘माना पडल्या / मुरगळल्याविण’. आठ, आठ. आठ, आठ. बालकवींचा झरा ज्या आठ मात्रांवर वाहत होता, त्याच आठ मात्रांवर हे उंदीर मेलेले आहेत. केशवसुतांची ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ हीसुद्धा आठ-आठच. तीन कवी, एकच माप : एकाच्या हातात ते रणशिंग होतं, एकाच्या हातात पाणी, आणि तिसऱ्याच्या हातात इतकं थंड होतं की त्या ओळखीच्या, जवळजवळ पाळण्याच्या ठेक्याची भीती वाटावी. मर्ढेकरांनी हे मुक्तछंदात लिहिलं असतं तर अंगावर येणारा काटा निम्मा झाला असता, असं माझं मत आहे. यावर वाद घालायला मी केव्हाही तयार आहे.

छंदाचं ज्ञान हवं ते एवढ्यासाठी. यादी पाठ करून काही होत नाही. अभंगाचं सहा-सहा-सहा-चार हे अक्षरांचं माप ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवूनिया’ यात बोटांवर मोजून बघ, ‘विटेवरी-कटावरी’ हे मधलं यमक ऐक, आणि शेवटच्या चार अक्षरांत ओळ कशी खाली बसते ते अनुभव. एवढं एकदा झालं की अभंग कानात राहतो. मुक्तछंदाबद्दल एकच सांगते : तिथे मात्रा मोजायच्या नसल्या तरी ओळ कुठे तुटते ते मोजायचं. सगळ्या ओळी जोडून परिच्छेद लिहून काढ आणि मूळ कवितेशेजारी ठेव. काही हरवलं असेल तर ते काय, ते शब्दांत सांग. काहीच हरवलं नाही असं वाटलं तर कदाचित ती कविता तितकी चांगली नसेल. हेही म्हणायला शिकायचं असतं.

अलंकारांबद्दल तू लिहिलंस म्हणून थोडं. अलंकार ओळखणं म्हणजे रसग्रहण नव्हे, हे तुला जाणवलं आहेच. ‘येथे पुनरुक्ती आहे’ हे वाक्य फुकट आहे. बहिणाबाईंचं ‘मन वढाय वढाय / उभ्या पिकातलं ढोर / किती हाकला हाकला / फिरी येतं पिकांवर’ घे. शब्द दोनदा आला आहे, ते कोणालाही दिसतं. ‘हाकला’ म्हणून एकदा हाकललं, पुन्हा हाकलावं लागलं, कारण ढोर परत आलं. शब्दही ढोरासारखा परत येतो. पुनरुक्ती इथे सजावट म्हणून आलेली नाही, तीच घटना आहे. अलंकाराचं नाव लिहिल्यावर त्यानं काय काम केलं हे सांगणारं दुसरं वाक्य लिहिता आलं, तरच पहिलं वाक्य ठेव.

काव्यशास्त्राचा पेपर आणि कवितेचा पेपर आपण दोन वेगळ्या खोल्यांत ठेवतो, तेही तोट्याचं आहे. अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दाच्या तीन शक्ती पाठ करताना ‘गंगेवर गवळीवाडा’ हे उदाहरण तू लिहिलं असशील. पाण्यावर वाडा असू शकत नाही, म्हणून ‘काठावर’ असा अर्थ घ्यायचा, ही लक्षणा. पण मग सरळ काठ का नाही म्हटलं? कारण गंगा म्हटल्यानं शीतलता आणि पावित्र्य आलं, ही व्यंजना. वाच्यार्थ अडला की थांबायचं, वळण घ्यायचं आणि वळण घेताना काय मिळालं ते मोजायचं, ही वाचनाचीच रीत झाली. नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनांनी ध्वनीला, म्हणजे अशा सुचवलेल्या अर्थाला, काव्याचा आत्मा म्हटलं ते याच जागेसाठी. पुढे मम्मटानं ‘सूर्य मावळला’ या एवढ्याशा वाक्यातून किती निरनिराळे अर्थ निघतात ते दाखवलं : कामकऱ्याला ते काम थांबवायला सांगतं, प्रेयसीला संकेतस्थळी निघायला, गुराख्याला गुरं वळवायला. शब्द तेच, ऐकणारा बदलला. म्हणून कविता वाचताना हा आवाज कोणाचा आहे आणि तो कोणाशी बोलतो आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवीच, असं धरून चालणं ही साहित्याच्या विद्यार्थ्यांची सगळ्यात जुनी खोड आहे.

परीक्षेचं काय, असं तू मनात म्हणत असशील. उत्तरपत्रिका मीही तपासते, त्यामुळे सांगू शकते. ‘कवीने निसर्गाचे अत्यंत सुंदर, मनोहारी वर्णन केले आहे’ हे वाक्य दिवसभरात इतक्या वेळा समोर येतं की डोळे त्यावरून घसरतात. त्याच ठिकाणी कोणी लिहिलं की ‘हिरव्यापासून काळ्यापर्यंत रंग बदलत जातात आणि तो काळा शेवटी गोड होतो’, तर तपासणारा सावरून बसतो. विशेषणं कमी कर, निरीक्षणं वाढव. एका उत्तरात कवितेतली तीन ठिकाणं नीट उघडून दाखवलीस तर पुरे, सगळ्या ओळींचा गद्य अनुवाद कोणी मागितलेला नसतो. आशय आणि अभिव्यक्ती असे दोन कप्पे करायला सांगतात, तिथेही युक्ती अशी की एकाच मुद्द्यात दोन्ही येऊ द्यायचं : वाट वाकडी हा आशय, ‘पांढरी’च्या पोटात मोडलेला ठेका ही अभिव्यक्ती, आणि दोन्ही एकाच वाक्यात. मार्गदर्शक वाचायचं तर वाच, पण स्वतःचं अर्धं पान लिहून झाल्यावर. मग त्याच्याशी भांडायला तुझ्याकडे काहीतरी असेल.

रोजचं म्हणशील तर एक वही कर आणि आठवड्याला एकच कविता हातानं उतरवून घे. मोबाइलमधली चित्रं साठवून उपयोग नाही. हातानं लिहिताना विरामचिन्ह दिसतं, ‘ऊ’ होता की ‘उ’ ते दिसतं, ओळ लवकर संपली हे बोटांना कळतं. जमली तर ती पाठ कर. पाठांतराला आजकाल कमी लेखतात, पण मार्गदर्शकातला भावार्थ पाठ करणं आणि कविता पाठ करणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पाठ असलेली कविता बसमध्ये, रांगेत, झोप येत नसताना आपणहून उघडते. ‘औदुंबर’मधला मोडलेला ठेका मला पुस्तकासमोर बसून सापडला नव्हता, चालताना म्हणत होते तेव्हा पाय अडखळला होता. वर्षातून निदान एका कवीचा अख्खा संग्रह वाच. पाठ्यपुस्तकात एकेक कविता सुटी पडलेली असते, संग्रहात त्या एकमेकींशी बोलतात, आणि कवीच्या फसलेल्या कवितांवरून जमलेल्या कवितांचं मोल कळतं.

काही कविता उघडणारच नाहीत. मला अजूनही काही उघडलेल्या नाहीत. तेव्हा ‘कळलं नाही’ एवढंच लिहून सोडू नकोस. नेमकं कुठपर्यंत कळलं आणि कोणत्या शब्दापाशी थांबायला झालं, ते तारखेसह वहीत लिही. वर्षभरानं त्या पानावर परत गेलीस की कधीकधी दार किलकिलं झालेलं असतं. आणि आवडली नाही, हेही कारणासकट लिहायला लाग. वर्गात सगळे माना डोलावत असताना ‘मला ही ओळ भरतीची वाटते’ असं म्हणणारी मुलगी मला नेहमी आवडत आली आहे, फक्त ती ओळ तिनं बोट ठेवून दाखवायला हवी.

सुरुवात म्हणून ‘औदुंबर’च घे, मी सगळं सांगितलेलं नाही. पहिल्याच ओळीत ऐल तट आहे आणि पैल तट आहे. गाव ‘पैल टेकडीकडे’ आहे, म्हणजे बोलणारा अलीकडे उभा आहे असं दिसतं. पायवाट शेतमळ्यांतून निघून डोहाकडे येते. मग पाण्यात पाय सोडून बसलेला तो औदुंबर कोणत्या तटावर आहे, ऐल की पैल? मी दर वर्षी वर्गाला हात वर करायला लावते आणि वर्ग दर वर्षी दुभंगतो. तुझं जे उत्तर येईल ते वहीत लिही, आणि त्याच्याखाली ज्या शब्दावरून ते काढलंस तो शब्द.